राक्षसाच्या गुहेत भरपाईचा कायदा

एका राज्यात राक्षसाने उच्छाद मांडलेला असतो. राजा दवंडी पिटवतो: जो कोणी राक्षसाला मारील त्याला अर्धे राज्य आणि राजकन्या. देशोदेशीचे तरुण निघतात. कोणी वाटेत बुडतो, कोणी गुहेच्या पायरीवर दगड होऊन पडतो, कोणाचा पत्ताच लागत नाही. शेवटी एक जण राक्षसाचा प्राण असलेला पोपट शोधून काढतो आणि तिथून पुढे गोष्ट त्याची होते. बाकीच्यांचे काय झाले, हे विचारायची रीत नाही. काही गोष्टींत अमृत शिंपडून त्यांना उठवतात खरे, पण तो राजपुत्राचा मोठेपणा असतो. त्यांचा हक्क नसतो.

आता या राज्यात कामगार नुकसानभरपाईचा कायदा लागू आहे असे धरून चालू. कामावर इजा झाली तर मालकाने पैसे द्यायचे, एवढाच त्याचा गाभा. मग कोणाकोणाचा दावा टिकेल?

हा पोरखेळ वाटेल. पण खऱ्या खटल्यात आपण बहुतेक वेळा बाजू आधी ठरवतो आणि कलमे नंतर शोधतो. राक्षस, राजा, जादूगार यांच्याशी आपले काही देणेघेणे नसते, त्यामुळे कायदा नेमका कुठे धरतो आणि कुठे सुटतो ते उघडे दिसते. मला जे दिसले ते असे: या कायद्याने मालकाची चूक शोधायचे सोडून दिले, हे त्याचे मोठे कर्तृत्व. पण ‘तू माझा नोकर आहेस का?’ हा प्रश्न त्याने दारावर तसाच उभा ठेवला, आणि हुशार राजे त्याच दाराने निसटतात. तो प्रश्न पहिला विचारायचा प्रश्न नाही, असे माझे म्हणणे आहे.

आधी कर्तृत्वाचे बोलू, कारण ते सहज मिळालेले नाही. १८३७ साली इंग्लंडमध्ये एका खाटकाच्या नोकराने मालकावर दावा लावला. माल जास्त भरल्यामुळे गाडी मोडली आणि त्याची मांडी मोडली होती. वरच्या न्यायालयाने त्याला हात हलवत परत पाठवले. नोकराला धोका दिसत होता, त्याने जायला नको होते, असा सूर. १८४२ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयासमोर उजवा हात गमावलेला एक इंजिनचालक उभा होता. अपघात दुसऱ्या रेल्वे कामगाराच्या हलगर्जीने झाला होता. न्यायालय म्हणाले, धोक्याची किंमत पगारात धरलेलीच असते, आणि सहकाऱ्याच्या चुकीला मालक जबाबदार नाही. म्हणजे कामगाराने आधी मालकाची चूक सिद्ध करायची, ती स्वतःची नव्हती हे दाखवायचे, शेजारी काम करणाऱ्याचीही नव्हती हे दाखवायचे, आणि एवढे करून धोका माहीत नव्हता असेही म्हणायचे. यंत्राच्या पट्ट्यात हात गेलेल्या माणसाने हे सगळे कधी आणि कशाच्या बळावर करायचे?

जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८४ साली अपघात विम्याचा कायदा झाला आणि हे कोडे बाजूला सारले गेले. बिस्मार्कला कामगारांचा कळवळा होता असे नाही, समाजवाद्यांच्या हातातला मुद्दा काढून घ्यायचा होता. हेतू काही असो, काम झाले. ब्रिटनने १८९७ मध्ये तीच दिशा धरली, हिंदुस्थानात १९२३ चा कायदा आला. न्यूयॉर्कमध्ये तर विलक्षण योग आला. २४ मार्च १९११ रोजी तिथल्या वरिष्ठ न्यायालयाने भरपाईचा कायदा घटनाबाह्य ठरवला. चूक नसताना मालकाच्या खिशात हात घालणे म्हणजे मालमत्ता हिसकावणे, असे कारण. दुसऱ्याच दिवशी त्याच राज्यातल्या न्यूयॉर्क शहरात ट्रायँगल कपडा कारखान्याला आग लागली आणि १४६ कामगार गेले, त्यांत बहुसंख्य तरुण मुली. पुढे १९१३ मध्ये राज्यघटना बदलून कायद्याचा रस्ता मोकळा करावा लागला.

या कायद्याने एक सौदा केला. मालकाने चूक नसतानाही पैसे द्यायचे. बदल्यात रक्कम ठरावीक, मर्यादित. दोघांनीही काही सोडले. कारखाना चालणार तर अमुक इतके हात तुटणारच, मग तो खर्च कापूस आणि कोळशासारखा मालाच्या किमतीत धरा, असा हा थंड डोक्याचा विचार आहे. दयेपेक्षा तो बरा, कारण दया आटते.

आता राज्यात परत येऊ. वेशीवरच्या पहारेकऱ्याला राक्षसाने उचलून नेले, तर काही अडचण नाही. पगारी माणूस, कामाची वेळ, कामाची जागा, आणि त्या जागी उभे राहण्याचाच धोका. समजा राक्षसाने त्याला हातही लावला नाही. नुसती डरकाळी ऐकून तो गेला, आणि वैद्य म्हणाले की हृदय आधीपासूनच कमकुवत होते. तरीही दावा टिकेल. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका रखवालदाराच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने १९५० च्या दशकात हीच वाट दाखवली होती: आजार जुना असला तरी कामाच्या ताणाने मरण अलीकडे ओढले असेल तर तेवढे पुरे. मालकाला जसा माणूस मिळाला तसा तो कामावर घेतो, धडधाकट माणसाचा नमुना घेत नाही.

जादूगाराकडचा उमेदवार पोरगाही तितका अवघड नाही. गुरूने बजावले होते, जाड पोथीला हात लावू नकोस. पोराने लावला आणि दोन्ही डोळे गेले. हुकूम मुद्दाम मोडला, म्हणून भरपाई नाही, असे जादूगार म्हणेल. भारतीय कायद्यात ही सबब होती, पण मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर ती मालकाला वापरता येत नाही. कायदा करणाऱ्यांना पोरे माहीत होती म्हणायची. खरी अडचण वेगळीच आहे. भरपाईचे गणित पगारावर चालते: पगाराचा ठरावीक हिस्सा गुणिले वयानुसार एक आकडा. उमेदवाराला पगार कुठला? दोन वेळचे जेवण आणि टपल्या. शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच. म्हणूनच कायद्याला किमान रक्कम ठरवून द्यावी लागते. १९२३ च्या कायद्यात नंतरच्या दुरुस्तीने ती मृत्यूसाठी १,२०,००० आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी १,४०,००० रुपये झाली. गणिताने हार मानली तिथे ठोकळ माणुसकी आणून बसवली, असा हा प्रकार आहे.

जास्त छळते ती झोपेची गोष्ट. राजकन्येच्या बारशाला एका परीला बोलवायचे राहून जाते, ती शाप देते, आणि राजकन्येबरोबर अख्खा राजवाडा शंभर वर्षे झोपतो. आचारी, मोतद्दार, दिवटी धरणारा, भांडी घासणारी, सगळे. परीला बोलवायचे कोण विसरले, हा प्रश्न जुन्या न्यायालयात महिनोन्महिने चालला असता. आपल्या कायद्यात तो गैरलागू. शाप त्यांच्यावर नव्हताच, पण ते राजवाड्यात होते ते कामासाठी. तेव्हा इजा नोकरीमुळे आणि नोकरीच्या ओघात झाली, असे मी तरी म्हणेन.

पण इजा कोणती? तात्पुरते अपंगत्व. त्याला १९२३ च्या कायद्याप्रमाणे दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या २५ टक्के, आणि तेही जास्तीत जास्त ५ वर्षे. उरलेली ९५ वर्षे आचारी फुकट झोपला. जागा झाल्यावर वैद्य तपासतो: हातपाय शाबूत, नजर साफ, वय वाढलेले नाही. अपंगत्व शून्य टक्के. बाहेर त्याची बायको कधीच वारली आहे, मुले म्हातारी होऊन गेली आहेत, घर कोणाच्या तरी नावावर आहे, आणि तो जे पदार्थ राजाला करून घालायचा ते आता कोणी खात नाही.

हा माणूस कायद्याच्या तक्त्यात बसतच नाही. तक्ता शरीराचा आहे. आपल्या कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेला तर ३० टक्के, एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असेल तर ४० टक्के, अशी यादी आहे. यादीचा फायदा मी नाकारत नाही. घासाघीस टळते, वकिलाविना माणसाला आपला हिशेब कळतो. पण नुकसान अवयवाचे नसते, त्या अवयवाने जे करायचो त्याचे असते. १९७५ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे एक सुतार आला होता. चित्रपटगृहात नक्षीकाम करताना तो पडला आणि डावा हात कोपराच्या वरून कापावा लागला. तक्त्याने त्याला पूर्ण अपंग म्हटले नसते. न्यायालयाने म्हटले, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. आचाऱ्याला असा न्यायाधीश मिळाला तर तो विचारील की शंभर वर्षांनंतर या माणसाला कोण कामावर ठेवणार, आणि टक्केवारी तिथून काढील. बायकोमुलांचे काय, याला त्याच्याकडेही उत्तर नसेल. हा कायदा कमाईचा आहे. दुःखाचा नाही, आणि तसा त्याने आव आणू नये.

राक्षसाकडच्या नोकरांचेही दोन शब्दांत पाहून घेऊ. राजपुत्र पोपटाची मान मुरगळतो, राक्षस मरतो, खजिना विजेत्याचा. पण राक्षसाच्या भटारखान्यात भाजलेल्या बाईचा दावा अजून मिटलेला नाही. भरपाई देण्याआधी मालकाची मालमत्ता दुसऱ्याकडे गेली तर त्या मालमत्तेवर भरपाईचा बोजा पहिला, असे १९२३ चा कायदा सांगत असे. मात्र फक्त स्थावर मालमत्तेवर. म्हणजे गुहा बोजासकट मिळेल आणि सोन्याचे हंडे राजपुत्र खुशाल नेईल. गंमत म्हणून ठीक आहे. पण कारखान्यातली यंत्रे रातोरात हलवून नुसती पत्र्याची शेड मागे ठेवता येते, हे कलम लिहिणाऱ्यांच्या लक्षात कसे आले नाही? बाकी लुटीला जाणारे राक्षसाचे हस्तक आणि चुलीपाशी राबणारी बाई यांना एका तराजूत घालू नये. मधल्या मंडळींबद्दल, म्हणजे राक्षसाचा हिशेबनीस वगैरे, माझे मत पक्के होत नाही.

आता दवंडीकडे वळू. दगड झालेल्या तरुणांपैकी एकाची आई भरपाई मागायला येते. राजाचा प्रधान मवाळपणे समजावतो: बाई, तुमचा मुलगा आमच्या नोकरीत नव्हता. आम्ही त्याला बोलावले नाही, तो आला. कधी निघायचे, कोणती तलवार घ्यायची, कोणत्या वाटेने जायचे, आम्ही काहीच सांगितले नाही. पगार ठरला नव्हता, फक्त बक्षीस होते, आणि तेही जिंकल्यावर. तो स्वतःचा मालक होता.

प्रधान खोटे बोलत नाही, हीच पंचाईत आहे. नोकर कोण हे ठरवताना न्यायालये नेमके हेच पाहत आली: हुकूम कोणाचा, वेळ कोणाची, हत्यार कोणाचे, मोबदला कसा. प्रत्येक उत्तर राजाच्या बाजूचे आहे. आणि शहाण्या राजाला पगारी सैन्यापेक्षा दवंडी का परवडते तेही यात दिसते. सैनिक मेला तर भरपाई. दवंडी ऐकून गेलेला मेला तर गोष्टीतले एक वाक्य.

पण प्रश्न बदलून पाहा. काम कोणाचे होते? राजाचे. राक्षस कोणाचे राज्य खात होता? राजाचे. काम काय, जिंकले कशाला म्हणायचे, बक्षीस किती, हे कोणी ठरवले? आणि इथे एक गोष्ट लोक विसरतात: जे हरले त्यांनीही राजाचेच काम केले. कोणत्या पायरीवर पाय ठेवला की दगड होतो हे शेवटच्या राजपुत्राला कसे कळले? तिथे आधीचे दगड उभे होते म्हणून. एका यशामागे जी अपयशे लागली ती त्या यशाचाच खर्च आहे, आणि तो खर्च राजाने बाहेर ढकलला आहे. अर्धे राज्य हा आकडा मोठा दिसतो. राक्षस मारण्याचा खरा खर्च त्याहून मोठा आहे, आणि उरलेला भाग कोणाच्या तरी आईने भरला आहे.

ते स्वखुशीने गेले होते ना, असे कोणी म्हणेल. हे १८४२ चेच वाक्य आहे, कपडे बदलून आलेले. धोक्याची किंमत बक्षिसात धरलेली आहे, असे म्हणायचे तर ते बक्षीस एकालाच मिळते हेही म्हणा. स्वखुशीचा मुद्दा कायद्याने पगारी कामगाराच्या बाबतीत शंभर वर्षांपूर्वी निकालात काढला. ज्याला पगारही नाही त्याच्या बाबतीत तो पुन्हा उकरून काढावा, हे उलटेच झाले.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. नोकर नसलेल्यांनाही भरपाई द्यायची तर हिशेब कुठल्या भांड्यातून करायचा? मालक आणि नोकर हे नातेच नसेल तर जबाबदारी कोणाच्या गळ्यात? याचे उत्तर अनपेक्षित जागी सापडते. सतराव्या शतकात कॅरिबियन समुद्रात लुटालूट करणाऱ्या चाच्यांच्या टोळ्या मोहिमेवर निघण्याआधी करार करत. उजवा हात गेला तर ६०० नाणी, डावा गेला तर ५००, डोळा किंवा बोट गेले तर १००. रोख नको असेल तर बदल्यात गुलाम मिळत. म्हणजे दुसऱ्यांची माणसे हेच त्यांचे चलन होते, तेव्हा फार कौतुक नको. पण या टोळीत मालक कोणी नव्हता. सगळे भागीदार, लुटीत हिस्सेदार. तरीही वाटणी सुरू होण्याआधी जखमींचे पैसे सामाईक रकमेतून बाजूला काढत. भागीदार आहेस म्हणून तुझा हात तुझ्याकडे, असे चाच्यांनाही म्हणवले नाही.

आज ‘पार्टनर’ हा शब्द मोबाइलवरून काम वाटणाऱ्या कंपन्या वापरतात, आणि तो चाच्यांच्या अर्थाने नव्हे. घरोघर खाणे पोचवणारा, प्रवासी नेणारा, दवंडी ऐकून निघालेला तोच तरुण आहे: गाडी त्याची, पेट्रोल त्याचे, वेळ म्हणे त्याची, पैसे फेरी पूर्ण झाली तर. २०२१ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने उबरचे चालक हे ‘वर्कर’च आहेत असे ठरवले, तेव्हा प्रधानाचा युक्तिवाद तिथे पडला, पण तो निकाल किमान वेतन आणि रजेपुरता होता. युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशात नियंत्रणाची लक्षणे दिसली की नोकरीच आहे असे गृहीत धरायचे आणि नाही हे सिद्ध करायचे ओझे कंपनीवर टाकायचे ठरवले. भारताची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ची, लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. १९२३ चा कायदा तिच्यात विलीन झाला आणि गिग कामगार, म्हणजे नेहमीच्या नोकरीबाहेर कामागणिक पैसे मिळवणारा, हा शब्द प्रथमच केंद्रीय कायद्यात आला. पण तो आला वेगळ्या खोलीत. नोकरांसाठी मालकाची थेट जबाबदारी. गिग कामगारांसाठी सरकार आखील त्या योजना, ज्यांच्यासाठी कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के द्यायचे, त्यालाही मर्यादा कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांची. काहीच नसण्यापेक्षा हे बरे. तरी योजना म्हणजे शिंपडलेले अमृत. मिळाले तर मिळाले, आणि किती मिळेल ते शिंपडणाऱ्यावर.

मला वाटते, भरपाईपुरते तरी नोकरीचे नाते हा दरवाजा काढून टाकावा. कामाचा फायदा कोणाला, आणि धोक्याची आखणी कोणाची, हे दोनच प्रश्न विचारावेत. किमान वेतन, रजा, निवृत्तिवेतन यांच्यासाठी कोण नोकर आणि कोण स्वतंत्र हा वाद चालू द्या, त्याला अर्थ आहे. तुटलेल्या पायाला त्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबता येत नाही. कंत्राटदाराच्या माणसाला इजा झाली तर मूळ मालकाने आधी द्यावे आणि मग कंत्राटदाराकडून वसूल करावे, ही सोय १९२३ पासून होतीच. नाते नसतानाही जबाबदारी असू शकते, हे कायद्याला शंभर वर्षांपूर्वी मान्य होते.

मग कोणीही हौशी उठून गुहेत जाईल आणि भरपाई मागेल, ही भीती राहते. ती खरी आहे, आणि तिच्यावर उपाय नोंदणीचा आहे. ज्याला जायचे त्याने वेशीवर नाव लिहावे. राजाला वाटले तर त्याने लंगड्याला, पोराला परत पाठवावे. एकदा नाव घेतले की जबाबदारी घेतली. रकमेचा आधार काय, तर राजाच्या साध्या शिपायाचा पगार. यात राजाचाही फायदा आहे: भरपाईचा आकडा फुगू लागला की गुहेचा नकाशा काढायला, पायऱ्यांवर खुणा करायला त्याला आपोआप सुचेल. माणसे फुकट मिळतात तोवर नकाशाला पैसे कोण घालतो?

राहतो तो पत्ताच न लागलेला. १९६९ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने जहाजावरून नाहीशा झालेल्या एका खलाशाच्या कुटुंबाचा दावा फेटाळला. तो कसा गेला याला साक्षीदार नव्हता, प्रेत सापडले नव्हते, आणि अपघातच झाला असे अनुमान काढायला पुरावा पुरेसा नव्हता. नोकरी होती, पगार होता, जहाज मालकाचे होते, दरवाजातून तो आत आलेला होता, आणि तरीही हात रिकामे. तेव्हा दरवाजा काढला म्हणजे काम संपत नाही. पुराव्याचे ओझेही हलवावे लागेल. माणूस धोक्याच्या जागी पाठवला आणि तो परत आला नाही, एवढे कुटुंबाने दाखवावे. पुढे तो पळून गेला, की त्याने जीव दिला, की आणखी काही झाले, हे पाठवणाऱ्याने सिद्ध करावे. जहाजाची नोंदवही कप्तानाकडे असते, वेशीवरची राजाकडे, आणि फेरीचा सेकंदासेकंदाचा माग कंपनीच्या संगणकात. तो माग कंपनीने हजर केला नाही तर न्यायालयाने कुटुंबाचे म्हणणे खरे धरून रक्कम जमा करायचा हुकूम द्यावा, व्याजासकट.